आधी नवऱ्याची काच

डॉक्टर विश्राम परब पोर्तुगीजमध्ये मोजायचे. भांडायचे कोकणीत, व्याख्यान द्यायचे मराठीत, लिहायचे इंग्रजीत, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की ओठांतल्या ओठांत ‘उं, दोयश, त्रेश, क्वात्रु’ सुरू व्हायचं. लहानपणी मयेहून चालत येऊन डिचोलीच्या पोर्तुगीज शाळेत ते आकडे शिकले, ते आकडे जिभेवर कायमचे बसले. पुढे आपला विद्यार्थी काय मोजत बसतो हे त्या शाळेच्या मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी त्याला कान धरून वर्गाबाहेर काढलं असतं. डॉक्टर पुरुषांचे शुक्राणू मोजायचे.

मी हे असं सरळ लिहिते, कारण ते शब्द सरळ बोलायला मी त्यांच्याकडेच शिकले. मी पार्सेची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले नाहीत, नारळ वाटले; पेढे विकत आणावे लागतात, नारळ घरचे. गोवा तेव्हा घटक राज्य व्हायच्या वाटेवर होता. राजभाषा कोणती यावरून एका ताटात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अशा दिवसांत डिचोलीच्या एका इस्पितळाच्या मागच्या खोलीत, वंध्यत्वावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरला तंत्रज्ञ हवा आहे असं कळलं आणि मी अर्ज केला.

मुलाखतीत त्यांनी माझे गुण विचारलेच नाहीत.

“काचेवर काय असेल, माहीत आहे ना?”

“पुरुषाचं वीर्य.”

“घरी काय सांगशील?”

“तेच सांगेन.”

त्यांनी चष्मा वर केला. “आईला हळू सांग. बाकीच्यांना जोरात सांगितलंस तरी चालेल.”

मी आईला हळू सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे बाजूला काढले आणि म्हणाली, “हातमोजे तरी दितात मगो?” एवढंच. शेजारच्या काकी मात्र पुढे कितीतरी वर्षं मला रक्त तपासणारी म्हणत राहिल्या, आणि मी दर वेळी त्यांची चूक दुरुस्त करत राहिले.

डॉक्टर उंचीनं कमी, आवाजानं जास्त. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायांत वहाणा. सकाळी सायकलवरून पदेर, म्हणजे पाववाला, यायचा. त्याच्याकडून एक उंडो घ्यायचा, चहात बुडवायचा आणि तो चहात तुटून पडला की चमच्यानं शोधत बसायचं, हा त्यांचा रोजचा नाश्ता. पाव घट्ट धरला तर पडत नाही, हे त्यांच्या बायकोनं, मालतीबाईंनी, त्यांना अनेकदा सांगितलं होतं. “संशोधनाक थोडो धोको लागता,” असं त्यांचं उत्तर.

त्यांची एक सवय मला पहिल्या आठवड्यात कळली नाही. पेशंट बोलत असताना ते मधेच उठायचे, कोपऱ्यातल्या नळाखाली साबण लावून हात धुवायचे, पुसायचे आणि परत येऊन बसायचे. काहीही न बोलता. मग माझ्या लक्षात आलं. समोरच्यानं ‘वांझ’ म्हटलं की ते उठतात. एक सासू अशी होती की तिच्या एका भेटीत डॉक्टरांचे हात लाल झाले. शेवटी तिनंच, हात इतके का मळतात म्हणून, विचारलं, “दोतोर, तुमचे हात इतके कित्याक मेळे जातात?” डॉक्टर म्हणाले, “तूं बोलता तेन्ना उडटा गो कितें तरी.” त्या बाईनं नंतर तो शब्द काढला नाही.

आमच्याकडे यायचं ते त्रिकूट. सून, सासू आणि कागदाच्या पुडीत कुठल्यातरी देवळाचा अंगारा. नवरा बसस्टँडवर चहा पीत असायचा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला, नवरा कुठे?

“घोव खंय?”

“तो कित्याक जाय? तो बरो आसा. दांडगो.”

“दांडगेपण हांव तपासना. वचात, घोवाक घेवन येयात. पयलीं घोवाची कांच, मागीर बायल.”

हा त्यांचा नियम. आधी नवऱ्याची काच. त्या वेळी चांगल्या चांगल्या डॉक्टरांकडेही उलटं चालायचं. बाईच्या सगळ्या तपासण्या व्हायच्या, तिला टेबलावर घ्यायचे, नळ्यांत वायू सोडायचे, वर्षंच्या वर्षं औषधं चालायची, आणि सगळं संपलं की कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, आता यजमानांचंही एकदा बघू या का. डॉक्टरांना याचा संताप. “मूल दोघांचं, तर न होणंही दोघांचं,” ते मला म्हणायचे. “मग दोघांत ज्याची तपासणी सोपी, त्याची आधी. बाईला किती सोसावं लागतं बघ. बाप्याला काय लागतं? एक बाटली आणि एक दार.”

आणि पुरुष बिथरला, उठून जायला लागला, की ते त्याला आपलंच सांगायचे. रक्तगट सांगावा तसं. “म्हाका भुरगीं नात. म्हजी कांच हांवें सगळ्यां पयलीं पळयल्या. तातूंत एकूय नासलो.” म्हणजे मला मुलं नाहीत, माझी काच मी सर्वांच्या आधी पाहिली, त्यात एकही नव्हता. समोरचा पुरुष परत बसायचा. डॉक्टरनं आपल्यासारखंच असावं हे त्यानं कधी धरलेलंच नसायचं.

हे सांगणं त्यांनी मालतीबाईंच्या परवानगीनं सुरू केलं होतं. त्यांच्या लग्नानंतरची काही वर्षं डॉक्टरांच्या आईनं सुनेला बारशाला, ओटीभरणाला नेणं बंद केलं होतं. मालतीबाई मराठी शाळेत शिक्षिका; त्या एकदा मला म्हणाल्या, “अगो, मुंबईहून शिकून आले, तेव्हा सूक्ष्मदर्शक नवा होता. बेडूक बघून झाले, पाणी बघून झालं, मग म्हणाले, आता स्वतःचं बघतो. बघितलं आणि तसेच उठून स्वयंपाकघरात गेले, आईला म्हणाले, आजपासून मालती सगळ्या बारशांना जाईल. नाहीतर मी जाईन आणि कारण सांगेन.” मालतीबाई हे हसत हसत सांगायच्या. त्यांच्यात ना लाज उरली होती ना राग, असं मला तरी दिसलं.

भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद असायचे. एकदा पेडण्याच्या एका घरून बाटली घेऊन आम्ही डॉक्टरांच्या जुन्या फियाटमधून डिचोलीला येत होतो. नमुना तासाभरात काचेवर यायला हवा, आणि अंगाच्या उबेत यायला हवा, म्हणून डॉक्टरांनी बाटली काखेत धरलेली, गाडी एका हातानं चाललेली. अस्नोड्याच्या अलीकडे रस्त्यावर झाडाचं खोड आडवं टाकलं होतं. पाचसहा पोरं पुढे आली. कुठल्या बाजूची होती ते मी सांगणार नाही, दोन्ही बाजूंची माणसं आजही माझ्या शेजारी राहतात.

“दोतोर, पयलीं सांगात. कोंकणी काय मराठी?”

डॉक्टरांनी काखेतून बाटली काढली आणि खिडकीतून दाखवली. “म्हजें सोड. घाय हांची आसा. हांका अजून खंयचीच भास येना. आनी आतां उशीर केलो जाल्यार केन्नाच येवची ना.”

घाई कुणाला, भाषा कुणाला येत नाही, म्हणजे बाटलीत काय आहे, हे पोरांना कळायला जरा वेळ लागला. मग एक जण इतका हसला की खाली बसला. खोड बाजूला ओढताना मागून कुणीतरी म्हणालं, “पावले जाल्यार आमच्या शाळेंत घालात हां.” डॉक्टर म्हणाले, “पयलीं पावूं दी रे,” आधी पोचू तर दे, आणि बाटली परत काखेत.

या सगळ्यात लक्ष्मी आली.

ती माझ्याच गावची, माझ्याहून थोडी लहान. मयेच्या पलीकडच्या एका वाड्यावर दिली होती. नवरा यशवंत खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. ती आली ती एकटी, सासूशिवाय, बसनं. बाकावर बसली आणि तिनं सगळं एका दमात सांगितलं. सासू दुसरी सून आणायचं म्हणते. जुन्या पोर्तुगीज कायद्यात म्हणे हिंदूंना अशी सोय आहे, बायको पंचविशीची होईपर्यंत मूल झालं नाही तर तिच्या संमतीनं दुसरी करता येते. तो कायदा आता चालतो की नाही हे वाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं, पण पंचविशी मात्र सगळ्यांना पाठ होती. लक्ष्मीला पंचविसावं लागलं होतं. सासूनं ठरवलं होतं, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की देवाला कौल लावायचा आणि मग हिची सही घ्यायची.

“तूं सही करतली?” डॉक्टरांनी विचारलं.

“म्हज्यांत दोश आसत जाल्यार करतलें. पूण पयलीं म्हाका कळूंक जाय.”

नियम सांगायला त्यांना पहिल्यांदाच जड गेलं असावं. “घोव येतलो?”

“ताका हाडपाचें काम म्हजें.”

तिनं त्याला कसं आणलं ते नंतर सासूच्याच तोंडून कळलं. लक्ष्मीनं घरात नुस्तें, म्हणजे मासळी, रांधणं बंद केलं. रोज डाळ, भात, भाजी. मासळीशिवाय यशवंतचे आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी तो कबूल झाला. मात्र इस्पितळात येऊन, त्या दारामागे जाऊन, तो बाटली भरणार नव्हता. खाणीवरच्या इतर ड्रायव्हरांसारखी तिथूनच देईन म्हणाला.

खाणीवरचे ड्रायव्हर हे डॉक्टरांचं त्या वेळचं मोठं काम होतं. त्यांना दिसलं होतं की ट्रक चालवणाऱ्यांच्या घरी पाळणा उशिरा हलतो. त्या जुन्या ट्रकांत इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असायचं. “ती बसायची जागा नव्हे, तवा,” डॉक्टर म्हणायचे. पुरुषाचं बीज शरीराबाहेरच्या पिशवीत का ठेवलंय? थंड राहावं म्हणून. त्यालाच दिवसभर तव्यावर बसवलं तर काय होणार? दोन उन्हाळे त्यांनी खाणीवरचे नमुने गोळा केले होते. खाणीच्या दवाखान्याचा कंपाउंडर बाटल्या जमवून पाठवायचा. निकाल जोरदार होते. बहुतेक नमुन्यांत हालचालच नव्हती. निबंध लिहून झाला होता, परदेशातल्या एका मासिकानं तो घेतलाही होता. इस्पितळात डॉक्टरांना लोक वाटेत थांबवून अभिनंदन करत होते.

यशवंतनं बाटली कंपाउंडरकडे दिली नाही. त्याच्या लेखी तेवढ्यानं सगळ्या खाणीला कळलं असतं. तो स्वतः घेऊन आला, ट्रकमधूनच. डॉक्टरांनी थेंब काचेवर घेतला, डोळा लावला, आणि पोर्तुगीज आकडे सुरूच झाले नाहीत.

“शालन, इकडे ये. बघ.”

मी पाहिलं. शुक्राणू होते, फार नाहीत. एकही हलत नव्हता. बऱ्याच जणांच्या शेपट्या गुंडाळल्यासारख्या वळलेल्या.

“मेलेत,” मी म्हणाले.

“हांका हींव पडलां,” डॉक्टर म्हणाले. यांना थंडी वाजलीय. ते बाहेर आले. यशवंत दारात उभा, हातात ओली पिशवी.

“बाटली हाडली कशी रे तुवें?”

“बर्फांत,” यशवंत म्हणाला. आणि डॉक्टरांचा चेहरा बघून पणजीची कोळंबी न नासता कशी येते ते त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. “पणजेसून सुंगटां हांगा बर्फ घालून येतात. वाटेंत पाड जायना. कंपाउंडरूय तशेंच करता. हांवें पळयलां.”

डॉक्टर सावकाश खुर्चीवर बसले. “सगळ्यांच्या बाटल्यो?”

“सगळ्यांच्यो. नुस्तेकान्नीकडल्यान बर्फ हाडटा. तुमकां वास येवंक नाका म्हणून मागीर पुसून, सुकोवन धाडटा.”

पोळवण्यापेक्षा गोठवणं शुक्राणूला काही कमी वाईट नसतं. आम्ही प्रत्येक कागदावर लिहिलं होतं की नमुना वाटेत खराब होऊ देऊ नका. मासळी खाणाऱ्या मुलखात याचा अर्थ एकच होतो, बर्फ. पुसून वाळवलेल्या बाटल्या आमच्या हाती पडायच्या तोवर उन्हात कोमटही झालेल्या असायच्या. दोन उन्हाळ्यांचे सगळे नमुने त्या दिवशी गेले. खाणीवरचे ड्रायव्हर तव्यावर बसत होते हे खरं, पण आमच्या काचेवर जे मेलेले दिसत होते ते तव्यानं मेले की बर्फानं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

“मी उष्णता शोधत होतो,” डॉक्टर मला म्हणाले, “म्हणून मला उष्णताच दिसली. थंडीनं वळलेल्या शेपट्या डोळ्यांसमोर होत्या.”

एका सहकारी डॉक्टरांनी सुचवलं की निबंध छापून येऊ दे, पुढच्या निबंधात दुरुस्ती करता येईल. डॉक्टरांनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्यासमोरच मासिकाला तार लिहायला घेतली, निबंध मागे घेतो म्हणून. मला वाटलं होतं ते खचतील. ते खचले नाहीत. तार देऊन आल्यावर त्यांनी उंडो मागवला, भाजीबरोबर खाल्ला, आणि म्हणाले, “चूक इतकी मोठी असली की बरं. लहान असती तर आपण तिच्याबरोबर संसार केला असता.” दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून, पेटीत घालून, माझ्या मांडीवर देऊन त्यांनी गाडी खाणीकडे वळवली. नमुना आमच्याकडे येणार नसेल तर आम्ही नमुन्याकडे जाऊ.

खाणीच्या कडेला पत्र्याची शेड मिळाली. एक टेबल, एक स्टूल, मागे आडोसा. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग बेळगावकडचा एक ड्रायव्हर आला, पाटील नावाचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मालकाच्या ट्रकचं इंजिन दर महिन्याला उघडत्यात. आमचं बी एकदा उघडून बगा की.” त्याचा नमुना उत्तम निघाला. तो ते घेऊन सगळ्या खाणीवर फिरला. दुसऱ्या दिवसापासून रांग. एकमेकांना टोमणे मारत, तुझी टाकी रिकामी असणार म्हणत, पण रांगेत.

यशवंतही आला, शेवटी. बर्फाशिवायच्या काचेवर त्याचे थोडे निघाले, आणि जे होते ते आजारी माणसासारखे रेंगाळत होते. लक्ष्मीच्या तपासण्या तोवर झाल्या होत्या. तिच्यात काही निघालं नाही. डॉक्टर निकाल एकट्याला कधी देत नसत. दोघांना शेजारी बसवलं आणि दोघांना एकाच वेळी सांगितलं. लक्ष्मीनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही. यशवंतला आधी आई आठवली.

“दोतोर, आवयक सांगूं नाकात.”

“हांव सांगचों ना,” डॉक्टर म्हणाले. “तें म्हजें काम न्हय. तुजें.”

मग त्यांनी त्याला काम सांगितलं. पावसात खाणी बंद असतात, ट्रक उभे. इतर वर्षी यशवंत त्या दिवसांत दुसरीकडे गाडी चालवायला जायचा. या पावसाळ्यात स्टिअरिंगला हात लावायचा नाही. “आज बाटलींत आयल्यात ते अडेज म्हयन्यां पयलीं घडूंक लागिल्ले. पावसांत थंड रावल्यार चवथीक नवे येतले. मागीर पळोवया.” अडीच महिन्यांचं हे गणितच पुढे डॉक्टरांच्या कामाचा कणा झालं. प्रयोगासाठी माणसांना तव्यावरून उठवायला कुठल्याही संशोधकाला परवानगी मिळाली नसती. आमच्या खाणींना पाऊस दरवर्षी सुट्टी देत होता. उन्हाळ्यातली काच आणि चवथीनंतरची काच, एकाच माणसाची, शेजारी शेजारी. बरेच जण सुधारले. काही सुधारले नाहीत, तेही डॉक्टरांनी तसंच लिहिलं. हा निबंध छापून आला आणि या खेपेला तो मागे घ्यावा लागला नाही.

लोक मला पहिल्यांदा विचारतात, मग लक्ष्मीला मूल झालं का? सांगून टाकते. झालं, मुलगी, पण खूप उशिरा, यशवंतनं ट्रक कायमचा सोडून दुकान टाकल्यावर. डॉक्टरांना हा प्रश्न आवडत नसे. “मूल झालं की नाही हा माझा निकाल नव्हे,” असं ते म्हणत. त्यांचा निकाल कुठला, ते मी त्या वर्षी चवथीनंतर पाहिलं.

चवथीचे गणपती गेले आणि लक्ष्मीचा निरोप आला की सासूनं कौलाचा दिवस पक्का केलाय. आम्ही तिच्या घरी गेलो, पेटी माझ्या मांडीवर. यशवंतची आई, रुक्मिणीबाई, सोप्यावर बसली होती. पांढरे केस, कपाळ मोठं, नजर अशी की आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. डॉक्टरांना तिनं पाट दिला, नारळाच्या करंज्या दिल्या, आणि उद्याच्या कौलाचं सांगून टाकलं, देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी गळली की होकार.

“दोतोर, तुमी शिकिल्ले. पूण हे सुनेन आमकां उपास काडूंक लायले, नुस्तें रांदूंक ना. तरीय हांव वायट उलयना. फाल्यां देवाक पाकळ्यो लावपाच्यो. उजवी दिली जाल्यार दुसरी हाडटलीं. देवाच्या मनांत आसा तें जातलें.”

“बरें,” डॉक्टर म्हणाले. “देवाक विचारतली कितें?”

“दुसरी हाडूं काय नाका.”

“तो प्रस्न न्हय रुक्मिणीबाय. प्रस्न आसा, कोणाक लागून ना. तो विचारल्या बगर दुसरो विचारलो जाल्यार देव तरी कितें सांगतलो?”

मूल कुणामुळे नाही, हा प्रश्न तसाच सोप्यावर राहिला. यशवंत खांबाला टेकून उभा. लक्ष्मी आतल्या दारात. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंच नाही. ते करंजी खात खात आपल्या आईबद्दल बोलायला लागले. तिनं मालतीबाईंना बारशाला न्यायचं कसं बंद केलं. नवस कसे बोलली. आणि एके सकाळी स्वयंपाकघरात आपण तिला काय सांगितलं.

“तुमच्या तोंडान? आवयक?” म्हातारीनं विचारलं.

“म्हज्या तोंडान. आनी कोणाच्या तोंडान सांगूं?”

“ती कितें म्हणाली?”

“कांयच ना. चुलीतलें लाकूड फुडें केलें. सांजेर मालतीक म्हणाली, फाल्यां शेजारा बारसो आसा, चल.”

अंगणात कोंबडी ओरडली. मग खांबाकडून आवाज आला. यशवंतचा आवाज खाणीवर मी ऐकला होता, दणदणीत. इथं तो खांबाशी बोलल्यासारखा बोलला.

“आवय, तिचें कांय ना. म्हजें.”

एवढा उंच, रुंद खांद्यांचा पोर. म्हातारीनं त्याला नखशिखांत पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, आणि मग तिचा विश्वास बसला नाही.

“फट,” ती म्हणाली. खोटं. “तूं तिका वाटावपाक उलयता. बायलेक वाटावपाक.” बायकोला वाचवायला.

“दाखोव काय?” यशवंत म्हणाला.

डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी यशवंतला विचारलं, “तुका जाय? मागीर म्हाका म्हणूं नाका.” त्यानं मान हलवली आणि तो आत गेला.

आम्ही सूक्ष्मदर्शक सोप्याच्या कठड्यावर लावला. वीज नव्हती, गरजही नव्हती. खालचा आरसा मी अंगणातल्या उजेडाकडे वळवला. काच तयार झाल्यावर डॉक्टरांनी आधी स्वतः पाहिलं. आकडे बऱ्याच वेळानं सुरू झाले, पण झाले. उन्हाळ्यापेक्षा जास्त होते. फार नव्हते. मग ते बाजूला झाले आणि रुक्मिणीबाईंना स्टूल दिलं. तिला डोळा कसा लावायचा ते कळेना. एक मिटून दुसरा लावायचा होता, ती दोन्ही मिटत होती. लक्ष्मी आतून आली. तिनं सासूच्या डाव्या डोळ्यावर आपला हात धरला.

“दिसलें?” डॉक्टरांनी विचारलं.

मग म्हातारी अगदी हळू म्हणाली, “हालतात गो.”

“हालतात.”

“थोडेच.”

“थोडेच.”

“हे आमच्या यशवंताचे?”

“ताचेच.”

तिनं मान काढली नाही. “दमल्यात,” ती म्हणाली. “तो पळय, अर्द्या वाटेर रावलो.” आणि मग, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, “हातूंतलो एक पावलो जाल्यार पुरो, न्हय?”

“एक पुरो,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कौल कुणी लावला नाही, नंतरही लावला नाही, आणि ती सही कुणी मागितली नाही. पण ते सगळं मला नंतर कळलं. मला वाळपईकडे सरकारी नोकरी लागली आणि डॉक्टरांना काम करताना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. काच सुकत आली होती. उजेडात तिची कड पांढरी दिसायला लागलेली मला दिसत होती, त्यांनाही दिसत होती. एरवी सुकती काच त्यांना सहन होत नसे, नमुना वाया गेला म्हणून ते माझ्यावर ओरडायचे. त्या दिवशी ते कठड्याला टेकून उभे राहिले, हात मागे बांधून, आणि म्हातारीचं बघून होईपर्यंत थांबले. लक्ष्मीचा हात अजून तिच्या डोळ्यावर होता.